बीसीडी अंगाला बसते की अंगावर येते?

मुरुडेश्वरहून नेत्राणी बेटाकडे निघालेल्या बोटीवर मला स्कूबा डाइव्हिंगचं हवा भरायचं जाकीट, म्हणजे बीसीडी, चढवण्यात आलं. "मॅडम, स्मॉल गेलं, मीडियमच राहिलंय. पट्टे ओढून घेऊ, बसेल." माझी उंची पाच फूट एक इंच. पाण्यात उडी मारली, जाकिटात हवा भरली, आणि जाकीट वर आलं. मी मात्र होते तिथेच. खांद्याचे पट्टे कानांशी, हनुवटी कॉलरमध्ये रुतलेली, डोळ्यांपुढे फक्त काळं कापड. पाठीवरचा सिलिंडर कधी डावीकडे कलंडायचा, कधी उजवीकडे. शेजारी माझा नवरा. पाच फूट अकरा इंच, वजन शंभरीच्या पुढे. त्याची तऱ्हा उलटी. त्याचं जाकीट फुगलं की छाती आवळायची, मग तो हवा सोडायचा, आणि हवा सोडली की गटांगळी खायचा. बोटीवरची मंडळी हसत होती. तेव्हा आम्हीही हसलो, पण त्या डाइव्हमधले मासे दोघांनाही आठवत नाहीत.

त्यानंतर आम्ही दोघांनी आपापली बीसीडी घ्यायची ठरवली, आणि तिथून पुढे बरेच दिवस चुका केल्या. त्या चुका तुम्हाला परत कराव्या लागू नयेत म्हणून हे लिहिते आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. मालवणला किंवा तारकर्लीला जाऊन गाईडचा हात धरून वीस मिनिटं खाली फिरून येणार असाल, तर हे सगळं तुमच्यासाठी नाही. तिथे तुमची हवा गाईडच भरतो आणि सोडतो. ज्यांनी ओपन वॉटर कोर्स (डाइव्हिंगचा पहिला प्रमाणपत्र कोर्स) केला आहे किंवा करणार आहेत, जे वर्षाकाठी अंदमान, लक्षद्वीप, नेत्राणी किंवा गोव्याच्या ग्रँड आयलंडला आठ-दहा तरी डाइव्ह करतील, त्यांनी पुढे वाचावं.

माप वेगळं, उचल वेगळी

बीसीडी म्हणजे हवेची पिशवी असलेलं जाकीट किंवा पट्ट्यांचा साज. तिची कामं तीन. सिलिंडर पाठीला धरून ठेवणं, पाण्यावर असताना तुम्हाला तरंगत ठेवणं, आणि खाली गेल्यावर वेटसूट (थंडीसाठी घालायचा, निओप्रीन नावाच्या रबरी फोमचा सूट) दबून तुम्ही जड झालात की तेवढीच हवा घेऊन तोल परत आणणं. ती लाइफ जॅकेट नाही, हेही ऐकून ठेवा. शुद्ध हरपलेल्या माणसाचं तोंड ती वर धरेलच, याची खात्री नसते.

दुकानात सगळ्यांचा घोळ इथेच होतो. माणूस दांडगा दिसला की विक्रेता म्हणतो, तुम्हाला जास्त उचल लागेल, एक्सएल घ्या. बारीक बाई दिसली की म्हणतो, तुम्हाला काय, कुठलीही चालेल. प्रत्यक्षात हे दोन वेगळे प्रश्न आहेत. जाकिटाचं माप ठरतं तुमच्या धडावरून. हवेची पिशवी किती किलो उचलणार, हे ठरतं वेटसूट, सिलिंडर आणि खाली जाता यावं म्हणून बांधलेल्या शिशाच्या वजनांवरून. शंभर किलोच्या माणसाचं अंग पाण्यात शंभर किलोचं नसतं. आपलं शरीर जवळजवळ पाण्याइतक्याच घनतेचं असतं, आणि चरबी तर तरंगते. पिशवीला तुम्हाला उचलायचं नसतंच. तुम्ही कमरेला बांधलेलं शिसं आणि पाठीवरचं सामान उचलायचं असतं.

गोंधळाला कारणही आहे. साध्या जाकिटांमध्ये माप वाढलं की पिशवीही मोठी होत जाते. सर्वात लहान मापात आठ-दहा किलोची उचल, सर्वात मोठ्या मापात वीस किलो किंवा त्याहून जास्त. त्यामुळे दोन प्रश्न एकाच लेबलवर शिवले जातात. ते उसवून वेगवेगळे सोडवले की निवड सोपी होते.

पहिली पायरी: शिशाचा हिशेब

बीसीडी बघायच्या आधी तुम्हाला नेमकं किती शिसं लागतं हे माहीत हवं. नवशिक्याला पटकन खाली न्यायचं म्हणून बरेच जण पट्ट्यात दोन-तीन वजनं जास्तीची ओवतात. मग ती जास्तीची वजनं तरंगवायला पिशवीत जास्तीची हवा, आणि ती हवा खोलीनुसार फुगते-आकसते म्हणून तुम्ही सतत वर-खाली. असा माणूस म्हणतो, मला मोठी बीसीडी हवी. त्याला खरं तर दोन किलो शिसं कमी हवं असतं.

तपासायची रीत अशी. ज्या वेटसूटमध्ये डाइव्ह करणार तोच घाला. डाइव्हच्या शेवटी, सिलिंडरमध्ये ५० बार (हवेच्या दाबाचं एकक) उरलेले असताना, पाय तळाला टेकत नाहीत अशा जागी पृष्ठभागावर उभे राहा. बीसीडीतली हवा पूर्ण सोडा. नेहमीसारखा श्वास आत घेऊन धरा आणि पाय मारू नका. पाणी डोळ्यांच्या पातळीवर थांबलं पाहिजे. श्वास सोडला की हळूहळू खाली जायला लागलात, तर वजन बरोबर आहे. डोकं पूर्ण बाहेर राहिलं तर एखादा किलो वाढवा, दगडासारखे गेलात तर काढा. ही परीक्षा भरलेल्या सिलिंडरवर घेतली, तर जमलेल्या आकड्यात सुमारे दोन किलो मिळवा. आपल्याकडे सर्रास मिळणारा अॅल्युमिनियमचा सिलिंडर ११.१ लिटरचा असतो. त्यातल्या भरलेल्या हवेचंच वजन साधारण पावणेतीन किलो. २०० बारांवरून ५० बारांवर येईतो त्यातली दोन किलो तुम्ही श्वासातून उडवलेली असता. म्हणूनच हा सिलिंडर सुरुवातीला किंचित बुडरा असतो आणि शेवटी तरंगायला लागतो.

तरणतलावात केलेला हिशेब समुद्रात लागू पडत नाही. खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड. माणूस आणि सामान मिळून १०० किलो धरलं, तर समुद्रात अडीच किलो जास्त शिसं लागतं. पुण्याच्या तलावात चार किलोंत सुखाने बुडणारा माणूस अंदमानात चार किलोंवर बुचासारखा तरंगतो आणि घाबरतो.

दुसरी पायरी: टेप काढा

कपड्यांचं माप इथे विसरा. मी कुर्ता मीडियम घालते, बीसीडी एक्सएस. इटालियन कंपन्यांच्या, म्हणजे मारेस किंवा क्रेसीच्या मापांत आणि अमेरिकी कंपन्यांच्या मापांत फरक असतो, आणि एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही असतो. प्रत्येक मॉडेलचा तक्ता वेगळा बघायचा. त्यासाठी ही मापं वहीत लिहून ठेवा, आणि ती वेटसूट घालून घ्या:

छाती, सर्वात रुंद जागी, पूर्ण श्वास आत घेऊन.
पोटाचा घेर, बेंबीच्या रेषेत. पँटचा नंबर नाही, खरा घेर.
धडाची लांबी: मान वाकवल्यावर मानेच्या मुळाशी जे हाड टोचतं, तिथपासून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंत.
उंची आणि वजन.

यातलं तिसरं माप सर्वात मोलाचं आणि ते कुणीच घेत नाही. तक्त्यात बहुधा उंची आणि वजनच असतं. पण एकाच उंचीच्या दोघांत एकाचे पाय लांब, दुसऱ्याचं धड लांब. बीसीडी पायांना घालायची नसते. धड आखूड असेल तर जाकिटाचा खालचा काठ नितंबांवर येतो, कमरेचा पट्टा पोटाच्या खाली सरकतो आणि वेटबेल्टच्या, म्हणजे शिशाच्या पट्ट्याच्या, बकलावर चढून बसतो. शिशाचा पट्टा सोडायची वेळ आली तर आधी कुठलं बकल हाताला लागेल, हे मग नशिबावर. धड लांब असेल तर उलट. पट्टा बरगड्यांवर येतो आणि श्वास घेताना टोचतो.

जाता जाता: त्या रुंद, वेल्क्रोच्या पोटपट्ट्याला कॅटलॉगमध्ये 'कमरबंड' म्हणतात. आपलाच कमरबंद साहेबाच्या घरी जाऊन 'ड' लावून परत आलाय.

तिसरी पायरी: किती उचल हवी

हा हिशेब कागदावर पाच मिनिटांत होतो. दोन प्रश्न विचारायचे.

पहिला: सर्वात जड क्षणी मी किती जड असेन? तो क्षण म्हणजे डाइव्हची सुरुवात, तळाशी. सिलिंडर भरलेला, म्हणजे हवेचं वजन पावणेतीन किलो. आणि वेटसूट दबलेला. निओप्रीनमध्ये वायूचे बुडबुडे असतात. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट, २० मीटरवर तिप्पट, ३० मीटरवर चौपट. बुडबुडे चेपत जातात आणि सूटची तरंगण्याची ताकद बरीचशी जाते. ती सगळीच गेली असं धरून चाला.

दुसरा प्रश्न: पाण्यावर बीसीडी अंगातून काढली, तर ती एकटी तरंगेल का? वजनाचे खिसे बीसीडीतच असतील तर हा प्रश्न महत्त्वाचा. छोट्या होडीवर चढताना बीसीडी आधी काढून वर द्यावी लागते. तेव्हा ती हातातून सुटून तळाला गेली, तर दिवस संपला.

आता आमच्या घरचीच दोन उदाहरणं घ्या. मी ३ मिलिमीटरचा पूर्ण सूट घालते. माझ्या मापात त्याची तरंग दोन-अडीच किलो. त्यात हवेचे पावणेतीन. झाले साधारण पाच किलो. माझ्या कमरेला चार किलो शिसं. ते समजा बीसीडीच्या खिशांत टाकलं, वर भरलेला सिलिंडर पाऊण किलो आणि रेग्युलेटर (श्वास घ्यायचं उपकरण) एखादा किलो बुडरा, तरी सहा किलोंच्या आसपास. मला नऊ-दहा किलोंची उचल पुरून उरते.

नवरा थंडीला भितो, त्यामुळे २८ अंशांच्या पाण्यातही ५ मिलिमीटर. त्याच्या मापाच्या सुटाची तरंग पाच किलोंच्या आसपास. हवेचे पावणेतीन मिळवून पावणेआठ. त्याची वजनं आठ किलो. ती सगळी बीसीडीत टाकली तर सिलिंडर, रेग्युलेटर धरून जेमतेम दहा. थोडा हात राखून तेरा-चौदा किलो उचल त्याला भरपूर. त्याला दुकानदाराने बावीस किलोंची एक्सएक्सएल दाखवली होती. आमच्या वजनांत दुपटीचा फरक, पण गरजेच्या उचलीत फक्त चार किलोंचा.

जास्त उचल असली तर बिघडलं कुठे, असं तुम्ही विचाराल. बिघडतं. मोठ्या पिशवीत थोडीशी हवा असली की ती एका बाजूला गोळा होते, तुम्ही कललात की दुसरीकडे पळते, आणि तुम्ही तिच्यामागे. अर्धी भरलेली पाण्याची बादली घेऊन जिना चढून बघा, तसंच. शिवाय मोकळ्या पिशवीचं कापड पाण्यात फडफडतं आणि तुम्हाला मागे ओढतं.

लेबल वाचताना एकक बघा. उचल कधी न्यूटनमध्ये लिहिलेली असते, कधी पाउंडमध्ये. १० न्यूटन म्हणजे साधारण एक किलो, म्हणजे १५० न्यूटन म्हणजे १५ किलो. ३० पाउंड म्हणजे साडेतेरा किलोंच्या थोडं वर. स्टीलचा सिलिंडर वापरणार असाल तर हिशेब नव्याने करा. तो मुळातच जास्त बुडरा असतो, त्यामुळे शिसं कमी लागतं, पण सामान एकटं तरंगवायला उचल जास्त लागते.

चौथी पायरी: कुठल्या जातीची

बाजारात मुख्यतः तीन जाती. चौथी, कुशीला सिलिंडर लावायची, नवशिक्यांनी सध्या बाजूला ठेवावी.

जाकीट: हवा पाठीला, कुशीला आणि पोटाशी, सगळीकडे. भाड्याने मिळतं ते बहुतेक हेच. पाण्यावर सरळ उभं ठेवतं म्हणून नव्यांना धीर देतं. मध्यम बांध्याच्या माणसाला छान बसतं. पण पोट मोठं असेल तर फुगल्यावर आवळतं, आणि अंग लहान असेल तर बगलांत उशा कोंबल्यासारखं होतं, हात पुढे येत नाहीत.

पाठीची पिशवी: दिसायला जाकीटच, पण हवा फक्त पाठीमागे. पोट मोकळं. पाण्याखाली आडवं राहणं सोपं जातं. पाण्यावर जास्त हवा भरली तर मात्र तोंडाकडे ढकलते. त्यावर उपाय म्हणजे हवा लागेल तेवढीच भरायची आणि किंचित मागे रेलून बसायचं, आरामखुर्चीत बसल्यासारखं. दोन-तीन डाइव्हमध्ये सवय होते.

प्लेट आणि विंग: पाठीला धातूची प्लेट, तिच्यातून ओवलेला पाच सेंटिमीटर रुंदीचा अखंड पट्टा, आणि मागे वेगळी पिशवी. ही जात नव्या माणसाला रांगडी वाटते. खिसे नाहीत, गादी नाही. पण बेताच्या बाहेरच्या अंगांना, म्हणजे फार लहान, फार मोठी, फार उंच, यांना मी हीच सुचवेन. कारण इथे माप आणि उचल खरोखर वेगळी होतात. पट्टा तुमच्या अंगाबरहुकूम ओवायचा, आणि पिशवी हिशेबाप्रमाणे निवडायची. वजन घटलं-वाढलं, तर पट्टा सरकवायचा. स्टीलची प्लेट अडीच-तीन किलोंची, त्यामुळे कमरेचं तेवढं शिसं कमी होतं. अॅल्युमिनियमची त्याच्या तिसऱ्या हिश्श्याची, विमानप्रवासाला बरी. एक धोका लक्षात ठेवा: माझ्यासारख्या बारीक माणसाने ३ मिलिमीटरच्या सुटावर स्टीलची प्लेट लावली, तर शिसं जवळपास शून्यावर येतं. मग अडचणीच्या वेळी टाकून द्यायला वजनच उरत नाही. मी अॅल्युमिनियम घेतली.

प्लेटबरोबर मांड्यांमधून वर येणारा एक पट्टा असतो. आमच्या गटात त्याला सरळ लंगोट म्हणतात. हसू येतं खरं, पण बीसीडी कानांपर्यंत चढण्यावर त्याच्याइतका रामबाण उपाय नाही. काही जाकिटांनाही तो वेगळा लावता येतो.

बायकांसाठी वेगळी मॉडेलं येतात. त्यात फक्त रंग बदललेला असेल तर पैसे वाया. खरा फरक तीन ठिकाणी बघा: पाठीची लांबी आखूड आहे का, खांद्याचे पट्टे छातीला वळसा घालून बाहेरून येतात का, आणि छातीवरचा आडवा पट्टा वर-खाली सरकवता येतो का. तो एकाच जागी शिवलेला असेल तर बहुतेकींना तो नको तिथे रुततो. आणि अरुंद खांद्यांच्या पुरुषाला हे मॉडेल नीट बसलं, तर त्याने लाजू नये.

पाचवी पायरी: दुकानात घालून बघणं

वेटसूट घेऊन जा. मुंबईच्या घामट हवेत दुकानात निओप्रीन चढवणं म्हणजे प्रायश्चित्त आहे, पण टी-शर्टावर बसलेली बीसीडी सुटावर बसेलच असं नाही. दुकानदाराला सिलिंडर लावून द्यायला सांगा. रिकामा असला तरी चालेल. तो नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा.

पट्टे सगळे सैल करून घाला, मग खालून वर घट्ट करत या: आधी पोटपट्टा, मग खांदे, शेवटी छाती. आता इन्फ्लेटरचं, म्हणजे पिशवीत हवा भरायच्या-सोडायच्या नळीचं, बटण दाबून किंवा तोंडाने पिशवी पूर्ण भरा, सुरक्षा व्हॉल्व्ह आपणहून हवा सोडेपर्यंत. डोळे मिटून दहा श्वास घ्या. छातीवर ओझं आलं, श्वास अर्ध्यात थांबला, तर ही बीसीडी तुमची नव्हे. विक्रेता "वापरून सैल होते" म्हणेल. होत नाही.

मग हवा भरलेलीच ठेवून कुणाला तरी खांद्याचे पट्टे धरून वर उचलायला सांगा. दोन-तीन बोटं वर गेली तर ठीक. कानाला लागली तर मोठी आहे. पुढे वाका, कुशीवर कला. सिलिंडर तुमच्याबरोबर यायला हवा, तुमच्यानंतर नव्हे. मान मागे टाकून छताकडे बघा. डोकं सिलिंडरच्या व्हॉल्व्हवर आपटतं का? लहान चणीच्या लोकांना हा त्रास हमखास होतो, कारण अॅल्युमिनियमचा नेहमीचा सिलिंडर पासष्ट सेंटिमीटरच्या आसपास लांब. माझ्या पाठीपेक्षा तोच लांब! सिलिंडर पट्ट्यात थोडा खाली बांधला की डोकं सुटतं, पण मग बूड नितंबांखाली लोंबतं आणि पाय खाली जातात. असं होत असेल तर डाइव्ह सेंटरकडे छोटा सिलिंडर मागा. लहान माणसाला हवाही सहसा कमी लागते.

पट्ट्यांची टोकं बघा. सगळे पट्टे पार शेवटापर्यंत ओढूनच बीसीडी बसत असेल, तर पातळ सूट घातल्यावर ती सैल होणार. सगळे पट्टे पूर्ण सोडूनच बसत असेल, तर जाड सुटावर बसणारच नाही. तुमचं माप पट्ट्याच्या मधल्या तिसऱ्या हिश्श्यात पडायला हवं. पोटपट्ट्याचं वेल्क्रो निदान तळहाताएवढं एकावर एक यायला हवं. नवऱ्याला एका जाकिटात ते चार बोटंच येत होतं. खोकला की सुटायचं. काही कंपन्या पट्टा लांबवायचा जोडतुकडा देतात. तो मिळत असेल तर नुसत्या पोटापायी मोठं माप घेऊ नका, कारण मोठ्या मापात खांदेही रुंद होतात आणि मग तिकडून घसरतं.

शेवटी हात. न बघता इन्फ्लेटर सापडतो का? उजव्या खांद्याचा आणि मागचा, कमरेपाशी असलेला हवा सोडायचा दोरा, दोन्ही हाताला लागतात का? वजनाचे खिसे एका झटक्यात ओढून निघतात का, आणि त्यात तुमचं शिसं मावतं का? जाड माणसांचा हात मागच्या दोऱ्यापर्यंत पोहोचत नाही, ही नेहमीची तक्रार. दोऱ्याला लांब दोरी आणि मोठा मणी लावून घेतला की सुटते.

सहावी पायरी: पाण्यात

शक्य असेल तर भाड्याने तेच मॉडेल घेऊन एक डाइव्ह करा. पाण्यात बघायच्या गोष्टी तीनच. पृष्ठभागावर पाच मिनिटं स्वस्थ राहता येतं का. तळाशी काहीही न हलवता आडवं राहता येतं का, की पाय बुडतात किंवा डोकं. आणि सेफ्टी स्टॉपला, म्हणजे वर येताना पाच मीटरवरच्या थांब्याला, पिशवी रिकामी असताना तीन मिनिटं एका जागी थांबता येतं का.

पाय बुडत असतील तर लगेच बीसीडीला दोष देऊ नका. कमरेची एक-दोन किलो वजनं सिलिंडरच्या पट्ट्यावरच्या छोट्या खिशांत, वरच्या बाजूला सरकवून बघा. सिलिंडरच दोन बोटं वर बांधून बघा. माझा अर्धा त्रास तेवढ्याने गेला. कुशीवर लोळण मात्र मापाची चूक असते. ती वजनं सरकवून जात नाही.

विकत घेताना

विमानाचं सामान मोजा. देशांतर्गत विमानात सहसा १५ किलो मिळतात, आणि साधं जाकीट साडेतीन-चार किलो खातं. प्रवासी मॉडेल दोन-अडीच किलोंत बसतं. जुनी घेणार असाल तर पिशवी गच्च फुगवून रात्रभर तशीच ठेवा. सकाळी मऊ पडली असेल तर सोडून द्या. इन्फ्लेटरचं बटण खाऱ्या पाण्याने अडकलेलं नाही ना, हे दहा वेळा दाबून बघा. ते उघडंच अडकलं तर तुम्ही फुग्यासारखे वर जाल. वाढत्या मुलांसाठी नवी घेऊच नका. दहाव्या वर्षी ज्युनियर कोर्स करता येतो, पण बाराव्या वर्षी ती बीसीडी बसत नाही, आणि "वाढत्या अंगाची" मोठी घेणं हे शाळेच्या गणवेशाला ठीक, इथे नाही.

प्रत्येक फेरीनंतर बाहेरून आणि आतूनही गोड्या पाण्याने धुवा. आत पाणी भरून, हलवून, उलटं धरून ओतायचं. मग अर्धवट हवा भरून सावलीत वाळवा. वर्षातून एकदा इन्फ्लेटर आणि व्हॉल्व्ह तपासून घ्या. जून ते सप्टेंबर आपल्या किनाऱ्यावर डाइव्हिंग बंदच असतं, तेव्हा उरकावं.

आणि प्लेट-विंग घेतलीत, तर पट्ट्याचं उरलेलं टोक लगेच कापू नका. दहा डाइव्ह होऊ द्या, पातळ आणि जाड दोन्ही सुटांवर घालून बघा, मग कापा आणि टोक मेणबत्तीवर धरून वितळवा. आमच्याकडे नवऱ्याने पहिल्याच रात्री, उघड्या अंगावर माप घेऊन, पट्टा बेतून कापला. अंदमानात हॅवलॉकला ५ मिलिमीटरच्या सुटावर बकल लागेना. नवा पट्टा घ्यावा लागला. कापलेला तुकडा वाया गेला नाही म्हणा, आमच्या गॅलरीतली सायकल सध्या त्यानेच ग्रिलला बांधलेली आहे.